शंभरातून सात

शंभरातून सात वजा करा, डॉक्टर म्हणाली.
त्र्याण्णव.
पुन्हा सात.
शहाऐंशी.
पुन्हा.

खिडकीबाहेर वाल्पाराइसोचं बंदर,
क्रेनच्या टोकाला एक निळा कंटेनर लटकत होता.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
तो जहाजावर टेकला तोवर
शहाऐंशी कुठेतरी पाण्यात पडलं होतं.

एकोणतीस वर्षं टेकडीची लिफ्ट चालवली मी.
रुळांवरची, तिरकी, लाकडी डब्याची;
एक डबा वर येतो, तेव्हा दुसरा खाली जातो.
माणसं किती, सुटे किती,
तारेचा आवाज आज असा कोरडा का,
आणि दोन्या मेलानियाच्या सुनेला कितवा महिना,
सगळं न मोजता मोजायचे.

ताप चार दिवस. खोकला दोन आठवडे.
साधाच होता, सगळे म्हणाले.
कोपऱ्यावरचा रेमिजिओ गेला,
त्या मानाने मी नशीबवानच.
पाहुणा गेला खरा,
पण जाताना घरातल्या वस्तूंच्या जागा बदलून गेला.
'चमचा' काढायला जावं तर 'किल्ली' हाताला लागते.
मुलाला फोनवर म्हणाले, ते दे रे, ते,
सूप ढवळायचं.
तो अंतोफागास्तात, खाणीवर.
बराच वेळ काही बोलला नाही.

घणघणत्या नळीत डोकं घालून झालं.
अहवाल आला: सर्व काही ठीक.
तो कागद मी फ्रीजवर चिकटवलाय,
आणि फ्रीज कशाला उघडायचा होता ते आठवत
त्याच्यासमोर उभी राहते.

उभं राहिलं की ठोके एकशे तीस.
बसल्या जागी टेकडी चढून आल्यासारखे.
डॉक्टरने समजावलं:
रक्ताने वर कधी जायचं, खाली कधी यायचं
हे आपल्याला न विचारता बघणाऱ्या नसा असतात,
त्यांचा ताळ सुटलाय.
म्हणजे लिफ्टवालीच रजेवर, मी म्हटलं.
ती हसली.
मग ते लिहून घेतलं.

याला म्हणे मेंदूवरचं धुकं म्हणतात.
मी इथली आहे. मला धुकं शिकवू नका.
ते समुद्रावरून येतं, पायऱ्या एकेक करून गिळतं,
पण बोटी भोंगा देतात,
कुत्री भुंकतात,
कोण कुठे आहे ते कळत राहतं.
हे तसं नाही.
यात लख्ख ऊन असतं.
प्रत्येक वस्तूला स्वच्छ कडा असतात
आणि भोंगा कुणीच देत नाही.

दवाखान्याने चार बाटल्या दिल्यात.
गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.
रोज सकाळी वीस-वीस सेकंद
त्या वासांची आठवण काढत हुंगायचं.
गुलाब: काही नाही.
लिंबू: जळकं रबर.
लवंग: आज काही नाही, काल गटार.
गॅस तर आलाच नाही.
बाउदिलिओने दार बडवलं तेव्हा कळलं,
सगळा जिना म्हणे वासाने भरला होता,
आणि मी आत, शेगडीशेजारी,
शांतपणे वर्तमानपत्रातलं एकच वाक्य वाचत होते.
तिसऱ्यांदा.

परवा स्टेशनवर जाऊन आले.
आता तिथे एक पोरगा असतो, केसांना जेल लावलेला.
बसा म्हणाला, माझ्याच खुर्चीवर.
सवयीने हात दांड्यावर गेला,
बोटांना काहीतरी काळं लागलं.
नाकाशी नेलं.

वास आला.
खरा. जुना. पगाराच्या दिवसांचा,
पावाच्या तुकड्यालाही लागायचा तो.
नाव मात्र सुचेना.
पोराला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.
तसाच हात धरून बसले, हुंगत,
त्याने बघितलं, न बघितल्यासारखं केलं.

खालून घंटा झाली. दोनदा. माणसं बसली.
तार ताणली गेली, डबा कुरकुरला,
दुसरा खाली निघाला.
एकोणऐंशी, मी मोठ्याने म्हणाले.

पोराला वाटलं, सुटे मागतेय.
तो गल्ला उघडून मोजायला लागला.